रेशमाचा धागा, तुटलेला मज्जातंतू आणि आपण

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात सीवनकर्मासाठी वापरावयाच्या धाग्यांची यादी दिली आहे. बारीक सूत, अश्मंतकाची साल, ताग, क्षौम, स्नायू, केस, मूर्वा आणि गुडूची यांचे तंतू तीत येतात. रेशमापासून केलेल्या नळ्यांनी तुटलेले मज्जातंतू जोडण्याच्या प्रयोगांची वृत्ते येऊ लागल्यापासून आपल्या व्यवसायबंधूंच्या बोलण्यात या यादीचा उल्लेख वारंवार कानी पडतो. यादीतील क्षौम म्हणजे रेशीम असे गृहीत धरले जाते आणि "हे तर सुश्रुताचार्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे" असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. आमच्या मते विषय तेथे संपत नाही. आपल्यापुरता तो तेथे सुरूही झालेला नसतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. क्षौम म्हणजे क्षुमेच्या, अर्थात अतसीच्या तंतूंचे सूत. आपण ज्याला जवस म्हणतो त्या वनस्पतीपासून ते होते. रेशमाला संहितेत कौशेय हा स्वतंत्र शब्द आहे. याच सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात व्रणबंधनाच्या द्रव्यांची गणना करताना क्षौम, कार्पास, आविक, दुकूल, कौशेय, पत्रोर्ण, चीनपट्ट अशी नावे ओळीने आली आहेत. क्षौम आणि कौशेय एकच असते, तर एकाच यादीत दोन्ही सांगण्याचे प्रयोजन उरले नसते. म्हणजे सुश्रुताचार्यांनी रेशीम सांगितले ते व्रणावर बांधण्यासाठी. सीवनाच्या यादीत ते नाही, आणि मज्जातंतूच्या दोन टोकांमधील अंतर भरून काढण्याचा तर तेथे विषयच नाही. आपल्या ग्रंथांचा मान राखावयाचा असेल, तर त्यांत जे लिहिले आहे तेच त्यांच्या नावावर सांगितले पाहिजे.

आता मूळ विषयाकडे वळू.

मज्जातंतू तुटल्यावर काय होते

हातापायांतील मज्जातंतू म्हणजे असंख्य अक्षतंतूंची जुडी होय. ती कापली गेली की जखमेच्या खालच्या भागातील अक्षतंतू काही दिवसांत नष्ट होतात. ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये या ऱ्हासाचे वर्णन केले. त्यांचे आवरण करणाऱ्या श्वान पेशी मात्र जिवंत राहतात, मृत भाग साफ करतात आणि वरून येणाऱ्या नव्या अंकुरांसाठी वाट तयार ठेवतात. वरच्या टोकातून अंकुर फुटतात व साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात. दोन टोके जवळ असतील तर शल्यचिकित्सक ती सूक्ष्मदर्शकाखाली सांधतात. मधला तुकडा नष्ट झाला असेल, तर टोके ओढून शिवता येत नाहीत. ताणामुळे जोड टिकत नाही. अंकुरांना वाट सापडली नाही की ते जखमेच्या वणातच गुंतून त्यांची दुखरी गाठ होते.

अशा वेळी रुग्णाच्याच पायातील, पोटरीच्या मागील बाजूने जाणारा एक संवेदनावाहक मज्जातंतू काढून मध्ये बसवणे, हा आजवरचा सर्वमान्य उपाय आहे. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. पावलाच्या बाहेरील कडेला बधिरता येते, दुसरी जखम होते आणि मिळणारी लांबीही मर्यादित असते. म्हणून कृत्रिम नळीचा शोध सुरू झाला. अमेरिकेत पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या नळीला १९९९ मध्ये आणि कोलॅजेनच्या नळीला २००१ मध्ये मान्यता मिळाली. या पोकळ नळ्या मुख्यतः लहान मज्जातंतूंतील सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरासाठी उपयोगी पडतात. त्यापलीकडे पोकळीत अंकुरांना धरून चालण्यासारखे काही उरत नाही. रेशमाचा विचार पुढे आला तो या अडचणीपोटी.

रेशीमच का?

कोशातील धाग्यात फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन तंतू असतात आणि त्यांना चिकटवून ठेवणारा सेरिसिन नावाचा डिंक असतो. कच्च्या धाग्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा हा डिंकच असतो. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात उकळून तो काढून टाकला की उरलेले फायब्रॉइन शरीराला बरेच मानवते. ते बळकट असल्याने नळी आसपासच्या दाबाने चपटी होत नाही. शरीरातील विकरे त्याचे हळूहळू विघटन करतात, आणि हा काळ संस्कारानुसार कमीजास्त करता येतो. मंद गतीने वाढणाऱ्या मज्जातंतूला आधार पुरेल एवढा काळ टिकावा आणि काम झाल्यावर विरून जावा, असा तो पदार्थ आहे.

चीनमधील नांतोंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांच्या पायातील मुख्य मज्जातंतूत दहा मिलिमीटरचे अंतर ठेवून तेथे फायब्रॉइनची नळी बसवली. सहा महिन्यांनंतरचा परिणाम स्वतःच्याच मज्जातंतूचे कलम केलेल्या उंदरांच्या जवळपास जाणारा होता. जर्मनीतील हॅनोव्हर येथे क्रिस्टीने राटके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळ्याच्या जाळ्यातील मुख्य आधारतंतूचा उपयोग केला. पेशी काढून टाकलेल्या शिरेत हे तंतू भरून त्यांनी मेंढीच्या पायातील सहा सेंटिमीटरचे अंतर जोडले आणि दहा महिन्यांनंतर अक्षतंतू पलीकडे पोहोचून त्यांवर मायलिनचे आवरणही आल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. श्वान पेशी या तंतूंना वेलीसारख्या बिलगून पुढे सरकतात, हे त्यातील मर्म. पुढे २०२३ मध्ये व्हिएन्ना आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी रेशीमकिड्याच्या रेशमाची नळी आणि तिच्या आत कोळ्याचे तंतू असा संयोग उंदरांवर तपासला.

आपल्या देशातही हे कार्य चालू आहे. तुतीचे, तसर, एरी आणि मुगा असे चारही प्रकारचे रेशीम भारतात होते. यांपैकी तसर व मुगा यांच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल यांचा असा एक क्रम आढळतो, की ज्याला शरीरातील पेशी सहज धरून राहतात. तुतीच्या रेशमात तो नसतो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली येथील जंगलांत होणारे तसर केवळ साडीपुरते राहणार नाही, अशी आशा यामुळे वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनवर झालेले काम मुख्यतः हाडातील पोकळी भरण्याच्या दिशेने गेले, हेही येथे नमूद करावयास हवे.

परंतु उंदरातील एक सेंटिमीटर आणि मनुष्याच्या दंडातील आठ सेंटिमीटर यांत मोठे अंतर आहे. कोळी रेशीमकिड्यांप्रमाणे पाळता येत नाहीत. एकत्र ठेवले की ते एकमेकांना खातात. मनुष्यावरील चाचण्या आतापर्यंत थोड्या रुग्णांवर आणि प्रामुख्याने बोटांतील लहान संवेदनावाहक मज्जातंतूंवर झाल्या आहेत. शिवाय हा उपाय तुटलेल्या मज्जातंतूसाठी आहे. पक्षाघात, अर्दित, गृध्रसी, मधुमेहातील पायांची बधिरता अथवा मज्जारज्जूचा आघात यांवर ही नळी हा इलाज नव्हे. वृत्तपत्रातील कात्रण घेऊन येणाऱ्या रुग्णाला हे आपण स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आपला संबंध कोठे येतो

"मग आम्हा वैद्यांना याच्याशी काय कर्तव्य?" असा प्रश्न काही वाचक विचारतील. उत्तर असे की, मज्जातंतू कापलेला रुग्ण सूक्ष्मशल्यचिकित्सकाकडे पहिल्यांदा जातच नाही. तो आपल्याकडे येतो. कडबाकुट्टीत सापडलेला हात, विळ्याने किंवा कोयत्याने कापलेले मनगट, काचेवर पडून फाटलेला तळवा, संक्रांतीच्या दिवसांतील मांजाची जखम, या सर्वांची पहिली पायरी तालुक्यातील व खेड्यातील वैद्याचा दवाखाना हीच असते. तेथे रक्त थांबवले जाते, जखम धुतली जाते, टाके पडतात आणि धनुर्वाताची सुई दिली जाते. आठवड्याने टाके निघतात. जखम सुरेख भरलेली असते. बोटे बधिर आहेत ही तक्रार "सूज उतरली की जाईल" या आश्वासनावर दोन-तीन महिने काढते. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा टोके आकसलेली आणि वणाने वेढलेली असतात. जेथे साधे सांधणे पुरले असते, तेथे कलमाची किंवा नळीची गरज निर्माण झालेली असते.

येथे हिशेब मांडून पाहावा. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे अठरा सेंटिमीटर धरले, तर दिवसाला एक मिलिमीटर या गतीने संवेदना परतण्यास सहा महिने लागतात. जखम दंडात असेल तर हाताच्या लहान पेशींपर्यंत अर्ध्या मीटरहून अधिक प्रवास उरतो, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. मज्जातंतूविना राहिलेली मांसपेशी साधारण वर्ष ते दीड वर्षानंतर पुन्हा कामास येण्याची क्षमता गमावते. आश्वासनात गेलेले तीन महिने या मोजक्या मुदतीतून वजा होतात. ते रेशमाने भरून निघत नाहीत, सोन्याच्या नळीनेही निघणार नाहीत.

सुश्रुताचार्यांचा खरा वारसा आम्हाला येथे दिसतो. शारीरस्थानातील एकशे सात मर्मांपैकी चव्वेचाळीस वैकल्यकर सांगितली आहेत. म्हणजे तेथील आघाताने प्राण जात नाहीत, पण अवयव कायमचा अधू होतो. कूर्पराच्या आघाताने हात लुळा पडतो, कक्षधराच्या आघाताने पक्षाघात होतो, असे त्यांनी स्थानानुसार नोंदवले आहे. जखम किती मोठी यापेक्षा ती कोठे आहे हे आधी पाहा, असा त्या अध्यायाचा आदेश आम्ही समजतो. मनगटावरील एक इंच लांबीची स्वच्छ जखम मांडीवरच्या वीतभर जखमेहून अधिक घातक ठरू शकते, ती याच कारणाने.

म्हणून हातापायाच्या प्रत्येक खोल जखमेत, बधिर करणारे औषध टोचण्यापूर्वी, दोन मिनिटांची परीक्षा करावी असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. औषध टोचल्यावर बधिरता जखमेची की औषधाची हे कळण्यास मार्ग राहत नाही. कापसाचा बोळा आणि सुईचे टोक एवढेच साहित्य लागते. तर्जनीच्या टोकाची संवेदना मध्य मज्जातंतूची, करंगळीच्या टोकाची आतल्या बाजूच्या म्हणजे अल्नर मज्जातंतूची, आणि अंगठा व तर्जनी यांमधील पाठीमागच्या त्वचेची रेडियल मज्जातंतूची साक्ष देते. अंगठा तळव्यापासून वर उचलता येतो का, बोटे एकमेकांपासून फाकवता येतात का, मनगट व अंगठा मागे उचलता येतो का, हे त्याच क्रमाने पाहावे. गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या जखमेत पाऊल वर उचलता येते का ते पाहावे. मूल रडत असेल, सांगू शकत नसेल, तर जखम झाकून बोटे काही वेळ कोमट पाण्यात धरावीत. जेथील मज्जातंतू तुटला आहे तेथील त्वचेला सुरकुत्या पडत नाहीत. जखमेतून रक्ताची चिळकांडी येत असेल तर दाब देऊन थांबवावी. चिमटा आंधळेपणाने लावू नये, कारण धमनीच्या शेजारूनच बहुधा मज्जातंतू जात असतो.

संवेदना किंवा हालचाल यांपैकी काहीही कमी आढळले, तर जखम स्वच्छ करून, झाकून, आधारपट्टी देऊन रुग्णास त्याच दिवशी पुढे पाठवावे. कापल्यानंतर सुमारे तीन दिवसांपर्यंत खालच्या टोकाला विद्युत उद्दीपनाने प्रतिसाद मिळतो, आणि ते टोक शोधण्यास शल्यचिकित्सकाला त्याची मदत होते. काय तपासले आणि काय आढळले, हे चिठ्ठीवर वेळेसह लिहावे. पुढे वाद उद्भवला तर वैद्याच्या बाजूने बोलणारा कागद तोच असतो. रुग्ण पाठवला म्हणजे रुग्ण गमावला, ही भीती अनाठायी आहे. तो परत आपल्याकडेच येतो, आणि पुढील वर्षभर त्याला आपलीच गरज असते.

त्या वर्षभरात करावयाचे काम थोडे नाही. सांध्यांची हालचाल टिकवणे, आधारपट्टीचा नियम पाळून घेणे, आहार सांभाळणे, मन खचू न देणे हे सर्व कुटुंबवैद्याच्या आवाक्यातील आहे. मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने हलके ठोकले असता जेथे झिणझिण्या उठतात ते स्थान महिन्यागणिक पुढे सरकते का, हे आपण मोजून लिहू शकतो. अभ्यंग करावयाचा तो शल्यचिकित्सकाच्या संमतीने व जोड पक्का झाल्यावरच. पहिल्या आठवड्यांत मर्दन वर्ज्य. आणि एक निषेध ठळकपणे सांगितला पाहिजे. बधिर त्वचेवर अग्निकर्म, उष्ण पिंडस्वेद किंवा वाळूची पोटली करू नये. रुग्णाला चटका कळत नाही, आणि बधिर भागातील भाजलेला व्रण भरण्यास फार काळ घेतो.

औषधनिर्मात्यांना विनंती

या नियतकालिकाच्या वाचकांत औषधनिर्माते व विक्रेतेही आहेत, म्हणून हे त्यांच्यासाठी. रेशीम व मज्जातंतू हे दोन शब्द वृत्तपत्रात एकत्र आले की बाजारात त्यांची वटी किंवा तेल होण्यास वेळ लागत नाही. युनानी वैद्यकात अबरेशम, म्हणजे रेशमाचा कोश, खमिऱ्यात वापरला जातो. ती परंपरा तिच्या जागी आहे. पण पोटात घेतलेले रेशीम इतर कोणत्याही अन्नाप्रमाणे जठरात पोहोचते. त्याचा मनगटात बसवलेल्या नळीशी संबंध जोडणे ही रुग्णाची दिशाभूल ठरेल. हळदीतील कर्क्युमिन फायब्रॉइनच्या पटलात बसवण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत झाले आहेत. तेवढ्यावरून हळदीच्या चूर्णाला मज्जातंतूची जाहिरात चिकटवता येत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या अनुसूचीत पक्षाघाताचे नाव आहे, हे लेबल छापण्यापूर्वी आठवावे. शरीरात बसवावयाची नळी २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येते. आयुर्वेदीय औषधाच्या परवान्यात ती बसत नाही.

मान कशाने मिळतो

आपल्याच शास्त्रातील एका धाग्याचे उदाहरण येथे पुरेसे बोलके आहे. क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन बनारस हिंदू विश्वविद्यालयात झाले. लिननच्या धाग्यावर, म्हणजे क्षौमावरच, स्नुहीक्षीर, अपामार्गक्षार व हरिद्रा यांची एकवीस पुटे चढतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्रात सुमारे चार टक्के, तर शस्त्रक्रियेत सुमारे अकरा टक्के आढळले. जखम भरण्यास मात्र क्षारसूत्राला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. दोन्ही बाजू आकड्यांसह मांडल्या गेल्या, म्हणूनच आज आधुनिक शल्यचिकित्सकही क्षारसूत्राचे नाव आदराने घेतात. सुश्रुतसंहितेत त्याचा उल्लेख आहे एवढ्यावर तो आदर मिळाला नसता.

रेशमाच्या नळीचे संशोधक आज त्याच वाटेवर आहेत. त्यांच्या यशात आपला वाटा सांगावयाचा असेल तर तो कमवावा लागेल. आमची एक सूचना आहे. संघटनेने जिल्हाशाखांमार्फत एक साधी नोंदवही सुरू करावी. हातापायाची जखम कोठे झाली, किती तासांनी रुग्ण आला, संवेदना व हालचाल यांत काय आढळले, केव्हा व कोठे पाठवला आणि वर्षभराने हाताची स्थिती काय होती, एवढे पाच रकाने पुरेत. वर्षाअखेरीस या नोंदी याच नियतकालिकात प्रसिद्ध कराव्यात. ग्रामीण महाराष्ट्रात मज्जातंतूच्या जखमा किती होतात आणि किती उशिरा पोहोचतात, हे सांगणारी माहिती आपल्याएवढी जवळून दुसऱ्या कोणालाही गोळा करता येणार नाही.

रेशमाची नळी उद्या जिल्हा रुग्णालयापर्यंत येईल किंवा येण्यास आणखी काही वर्षे लागतील. कापसाचा बोळा आणि सुई आपल्या टेबलावर आजच आहेत. पुढच्या जखमेला टाका घालण्यापूर्वी ती दोन मिनिटे द्यावीत, एवढीच सर्व व्यवसायबंधूंना आमची नम्र विनंती आहे.